काकांच्या नावाची मंजुरी

आमच्या कंपनीत क्लाऊडवरचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा केक कापला होता. पंपाचं पहिलं ड्रॉइंग निघाल्यापासून तो भंगारात जाईपर्यंतची सगळी कुंडली आता एका जागी राहणार, असं मॅनेजर म्हणाले. टाळ्या मीही वाजवल्या. आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

कारखाना अंबरनाथला आणि ड्रॉइंग ऑफिस लोअर परळला, बंद गिरणीच्या आवारात उठलेल्या काचेच्या इमारतीत. तिथे मुख्य ड्राफ्ट्समन होते त्यांना सगळे काका म्हणत. मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. मी काळाचौकीची, म्हणजे त्यांच्या लेखी शेजारचीच. मला ते 'बाय' म्हणत आणि चूक सापडली की सगळ्यांसमोर झापत.

डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. पुढे दोन वर्षं कंत्राटावर ठेवायचं साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. ती दोन वर्षं काकांना हवी होती ती कंपनीच्या मेडिक्लेमसाठी. काकींचे दोन्ही गुडघे गेले होते. साखर आटोक्यात आली की फेब्रुवारीत ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गणपतीला गावी जाताना शेजारी काकींना खुर्चीत बसवून खाली उतरवत, वर्षातून तेवढ्याच वेळी त्या जमिनीवर येत.

नव्या सॉफ्टवेअरचा नियम असा की ड्रॉइंगमध्ये बदल एकाने करायचा आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची. ज्याचा त्याचा पासवर्ड. तो दुसऱ्याला दिला तर दोघांचीही नोकरी जाईल, असं लिहिलेल्या कागदावर आम्ही सह्या केल्या होत्या. पण आमच्याकडे एकमेकांसाठी सही ठोकायची जुनी सवय. कोणी रजेवर असला की शेजारच्याने त्याच्या आद्याक्षरांनी काम पुढे सरकवायचं, त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. गौरी-गणपतीला गावी निघताना काकांनी कॅलेंडरच्या फाटक्या पानावर पासवर्ड लिहून दिला. "काय अडला तर बघ गो," म्हणाले. पासवर्ड त्यांच्या ग्रामदेवतेच्या नावाचा होता.

अडलंच. अंबरनाथहून फोन आला की एका पंपात रबरी रिंग बसते ती खाच रिंगांच्या ठरीव मापांच्या तक्त्याशी जुळत नाही, चूक आहे का बघा. मी तक्ता उघडला. खाच खरंच रुंद होती. मी माप तक्त्याप्रमाणे केलं, माझ्या नावाने बाहेर पडले, काकांच्या नावाने आत शिरले आणि मंजुरीचं बटण दाबलं. दोन मिनिटांत काम झालं म्हणून खूशही झाले.

काका असते तर एका नजरेत ओरडले असते. त्या पंपातून गरम तेल जातं, तेलात रबर फुगतं, त्याला जागा लागते. जुन्या कागदी ड्रॉइंगवर त्यांनी पेन्सिलीने तसं लिहूनच ठेवलं होतं. पण कागद स्कॅन करायला बाहेरची माणसं बोलावली होती, त्यांच्या यंत्राला फिकट पेन्सिल दिसली नाही, आणि मग कागद रद्दीत गेले.

नोव्हेंबरात अख्खी खेप गळकी म्हणून परत आली. मीटिंगमध्ये भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या ड्रॉइंगचा इतिहास उघडला. बदल माझा, मंजुरी काकांची, तारीख, वेळ, सगळं हजर. मॅनेजर मला म्हणाले, तू ज्युनियर, तुझं चुकू शकतं, तपासणाऱ्याने तपासायला नको? मग काकांकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर रजेवर होतात ना?"

"होय. मोबाईलवरून केलं," काका म्हणाले. "नीट बघितलं नाही."

मी टेबलाखाली ओढणीचं टोक पिळत बसले होते. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता. तो मी नुसता बसून काढला.

नंतर जिन्यात मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "पासवर्ड दिला म्हटल्यावर मी जाणारच, बाय. तुला कशाला सोबत न्यायची?" हिशोब बरोबर होता. मला रडू आलं, पण आतून हायसंही वाटलं, आणि ते वाटलेलं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

कंत्राट झालं नाही. उलट निष्काळजीपणाचा ठपका ठेवणारं पत्र घरी गेलं. निरोपाला शाल आणि नारळ दिला, भाषणात मॅनेजरांनी 'अनुभवाची शिदोरी' वगैरे शब्द वापरले. जानेवारीत मंजुरीचा अधिकार माझ्याकडे आला, पगारवाढीसकट. मी तो घेतला.

मार्चमध्ये एका रविवारी त्यांच्याकडे गेले. काका मसाला दळून आणायला बाहेर पडले होते. काकी दारात पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. ऑपरेशनचं मी विचारलं. "आता कसलं ऑपरेशन," त्या म्हणाल्या. मग कपाटाकडे बोट करून त्यांनी मला ते ठपक्याचं पत्र काढायला लावलं आणि त्यात लिहिलेल्या मंजुरीच्या तारखेवर बोट ठेवलं.

"हा गौरीच्या जेवणाचा दिवस. दुपारभर हे पंगतीत वाढत होते, मी बघत होते. आणि आमच्या वाडीत फोन लावायचा तर टेकडीवर चढावं लागतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग सही केली कोणी?"

"मला नाही माहीत, काकी," मी म्हटलं.

एक हात गुडघ्यावर रोवून, दुसऱ्याने दाराची चौकट धरून त्या कशाबशा उठल्या आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.