विहिरीतला लाल थर

घाटंजीजवळच्या आमच्या गावात कापूस सलग बुडत होता, त्या वर्षांत भावाने विहीर खोल करायला घेतली. मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होते. सुट्टीत घरी आले की वहिनीसोबत विहिरीवर जायची. मजूर मिळत नव्हते, म्हणून सुरुंगाने फुटलेला दगड ती स्वतःच तळात उतरून टोपल्यांत भरायची.

वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. एका सुट्टीत आम्ही गेलो, तेव्हा पाषाणाखाली विटेच्या रंगाचा थर लागला होता.

"बाई, हे लाल काहून हाय वं?" वहिनीने विचारलं.

मी सांगितलं, जमिनीच्या भेगांतून तप्त रस वर आला आणि निवून त्याचा पाषाण झाला. तो ऊनपावसाने झिजला, त्याची माती झाली. मग तिच्यावर पुन्हा रस पसरला आणि ती माती भाजून निघाली. तोच हा थर. आपल्या वावरातली काळी मातीही अशाच दगडाची झालेली.

"म्हंजे ह्या दगडाची बी माती होईन?"

"होईल, पण फार काळाने."

"तवरोक आमी काय पेराव?" ती म्हणाली. हसली नाही.

लाल थर ओला झाला की भुसभुशीत होतो, तिथे बांधकाम करून घे, असं मी भावाला म्हटलं. "पानी लागू दे, मंग बांधू," तो म्हणाला. मलाही ते पटलं. आधी पाणी हवं होतं.

पाणी त्याच थरातून पाझरलं. भावाने गावात गूळ वाटला. मी कॉलेजात परतले.

पुढच्याच आठवड्यात निरोप आला. वहिनी तळात दगड भरत असताना लाल थर ढासळला आणि त्याच्यावर टेकलेला पाषाण तिच्या अंगावर आला. मी पोहोचले तेव्हा तिला ओट्यावर ठेवलं होतं. बायकांनी तिला आंघोळ घातली होती, तरी नखांत लाल माती होती.

भावाने वावर बटईने दिलं आणि वणीला कोळशाच्या खाणीत कामाला लागला. दिवाळीत मी त्याच्या खोलीवर गेले. जेवता जेवता त्याने विचारलं, "कोळसा कायचा होते?"

"गाडल्या गेलेल्या जंगलाचा," मी म्हणाले.

त्याने ताट धुतलं, शर्ट चढवला आणि पाळीवर गेला.