ओल्या पाइनचं टेबल

माझी थोरली नणंद माहेरी आली की आमच्या राहुरीच्या घरात काहीतरी उद्योग निघतोच. गेल्या हिवाळ्यात मी नुकती लाकूडकाम शिकायला लागले होते. मला फरशीवर बसून रंधा मारताना बघून ताई म्हणाल्या, "कंबर मोडून घ्यायचीय का? आधी कामाचं टेबल कर. दणकट!"

त्याच दुपारी आम्ही दोघी वखारीत. सगळ्यात स्वस्त काय, म्हणून विचारलं, तर वखारवाल्या चाचांनी पाइनच्या जाड फळ्या दाखवल्या. "पण लई ओल्या हायेत. वाळताना वाकतील."

"वाकू द्या," ताई म्हणाल्या. "आम्ही सरळ करू."

घरी आणून रंधा फिरवला तर छिलक्यांबरोबर पाण्याचे बारीक थेंब उडाले. ताईंचा चष्मा भरला. त्यांना जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. मग मलाही फुटलं. असल्या लाकडाला डिंक धरत नाही, म्हणून पायांना पटाशीने खाचा पाडल्या आणि बाभळीच्या वाळक्या खुंट्या ठोकल्या. ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि आतली खुंटी आणखी घट्ट धरतं, असं मी ताईंना समजावलं.

"म्हणजे सासरसारखंच," ताई म्हणाल्या. "एकदा आत गेलं की सुटका नाही."

"ऐकतेय मी!" स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या.

एका पायाला दोन्ही बाजूंनी भोक पाडलं, तर दोन भोकांची मधे भेटच होईना. तो पाय पुन्हा केला. चौथ्या दिवशी टेबल पोर्चमध्ये उभं राहिलं. मी हलवून पाहिलं, ताईंनी ढकलून पाहिलं. मग त्या चप्पल काढून सरळ वर चढल्या आणि हात पुढे केला, "ये वहिनी, फुगडी!"

आम्ही गरगर फिरलो. खाली काही कुरकुरलं नाही, वर आम्हीच किंचाळत होतो. चहा घेऊन आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "उतरा खाली, पडाल!" आणि दोन मिनिटांनी, "जरा स्टूल आणा गं." त्या फुगडी खेळल्या नाहीत. मधोमध मांडी घालून बसल्या आणि चहा तिथेच प्यायल्या. शेजारच्या बाई फाटकात थांबून बघतच राहिल्या.

उन्हाळ्यात टेबल वाळू लागलं. दुपारी मधूनच 'कट्' असा आवाज यायचा. तसा आवाज झाला की मी ताईंना फोन लावायचे आणि त्या पलीकडून टाळ्या वाजवायच्या. वरच्या फळ्या परातीसारख्या खोलगट झाल्या, म्हणून जूनमध्ये त्या पुन्हा रंधून सपाट केल्या. पाय मात्र तसूभर हलले नाहीत.

परवा कर्जतच्या सासरहून ताईंचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात फळ्यांचा ढीग, त्याच्या शेजारी कमरेला पदर खोचून ताई.

"वहिनी, पटाशी केवढ्या रुंदीची घेऊ? पटकन सांग, दुकान बंद होईल!"