आबांसाठी केलेला डिमर

काल शेजारच्या दुकानातून सोल्डरिंगच्या धुराचा वास आला आणि नळदुर्गचं आमचं घर आठवलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आबांना, माझ्या वडिलांना, एलईडीचा उजेड सोसत नव्हता. ते खिडक्या लावून अंधारात बसत. म्हणून मी टायमर चिपचा साधा डिमर बनवला आणि त्याचं बटण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सावकाश फिरवलं, तसा खोलीत उजेड हळूहळू चढत गेला.

"बास, एवढाच ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "लई दिसांनी तुझं तोंड दिसलं गं."

"थांबा आबा, चिप तापतीय का बघते."

चिप थंडच होती. आबा बराच वेळ माझ्याकडं बघत होते, असं आई नंतर सांगायची. मी मान वर केलीच नव्हती.