बॅगेचं अर्धं तिकीट

आशियाचा अभ्यास करायला मी नांदेडला निघाले आहे हे ऐकून आमच्या आत्याने चहाची बशी खाली ठेवली. "जपान नाही, गेला बाजार सिंगापूर नाही, आणि नांदेड?" पोरगी पुण्यातल्या कॉलेजात फी भरून पुरती फसली, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तशी माझी पदवी संख्याशास्त्राची. 'आशियाई संस्कृती आणि समाज' हा मी जोडीला घेतलेला मायनर, म्हणजे दुय्यम विषय. तोही का, तर त्याचे तास भल्या सकाळी नसतात. पण सरांनी मध्येच फर्मान काढलं की दोघादोघांनी मराठवाड्यात जा, लोकांत राहा आणि इथली एखादी रीत आशियातल्या दुसऱ्या एखाद्या रीतीशेजारी ठेवून बघा.

माझ्या जोडीला प्लॉय आली. ही थायलंडची. इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं आणि मराठी एका शब्दापुरतं पक्कं: "चालेल". या एका शब्दावर तिने पुण्यात घर, रिक्षा आणि खानावळ जमवली होती.

तिच्याजवळ एक निळी बॅग होती आणि तिच्यात पिवळ्या कापडात गुंडाळलेली वीतभर उंचीची पितळी बुद्धमूर्ती. प्लॉयच्या आजीने घरातल्या पूजेतून काढून दिलेली. आमच्या वर्गातल्या प्रज्ञाचं घर शिरूर अनंतपाळला आहे. तिच्या वस्तीतल्या विहारात ही मूर्ती शनिवारी संध्याकाळच्या वंदनेला बसवायची ठरली होती. पुढे जाऊन तयारीला लागलेल्या प्रज्ञाचे फोनवर फोन येत होते.

प्लॉयच्या देशात बुद्धाची मूर्ती जमिनीवर किंवा पायांच्या उंचीला ठेवत नाहीत. म्हणून नांदेडच्या गाडीत ती वरच्या बर्थवर चढली. उशाशी बुद्ध आणि उरलेल्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन प्लॉय. स्वच्छतागृहात जाताना ती बॅग माझ्या हातात द्यायची आणि मी ती जरा खाली धरली, की डोळ्यांनीच "वर" म्हणायची. शुक्रवारी सकाळी नांदेडला उतरेपर्यंत माझे दंड भरून आले होते.

गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत बसलो, तर समोर पोळ्या आणि वाफाळती डाळ, आणि हिच्या मांडीवर बॅग. वाढणारे म्हातारे सरदारजी अस्सल नांदेडी मराठीत म्हणाले, "बेटा, ठिव की बाजूला. इथून कोनी न्हाई नेत." प्लॉय गोड हसली, "चालेल" म्हणाली आणि बॅग तशीच मांडीवर ठेवून एका हाताने पोटभर जेवली.

शनिवारी सकाळी नांदेडच्या बसस्थानकात आम्हाला आमची रीत सापडली. गाडी फलाटाला लागते न लागते तोच एका माणसाने खिडकीतून आत रुमाल टाकला आणि निवांत विडी ओढत उभा राहिला. लोक आत घुसले, पण त्या सीटवर कोणी बसलं नाही.

"हे काय?" प्लॉयने विचारलं. मी तेच त्या माणसाला विचारलं.

"दस्ती टाकली की जागा आपली झाली," तो म्हणाला. रुमालाला इकडे दस्ती म्हणतात. "कोन बसंल? भांडनं होतील ना!"

प्लॉय हरखली. सिंगापूरला म्हणे लोक टिश्यूचं पाकीट ठेवून हॉटेलातलं टेबल धरतात. मी लगेच प्राध्यापकी सूर लावला की अवघा आशिया एका दस्तीने बांधलेला आहे. हे वाक्य अहवालात कुठे घालायचं, याचा विचार करण्यातच माझा लोह्यापर्यंतचा रस्ता सरला.

आमची गाडी अहमदपूरपर्यंतच होती. तिथून लातूरची धरायची आणि लातूरहून शिरूरची. पण त्या दिवशी लग्नाची दाट तीथ होती. स्थानकावर जरीच्या साड्या, फेटे आणि आहेराची पातेली यांचा नुसता खच. लातूरची गाडी आली आणि सगळं अहमदपूर तिच्या दारावर तुटून पडलं. मी कोपरं बाहेर काढून गर्दीत शिरले. पुण्याच्या पीएमटीचा सराव कामी आला. प्लॉयने मात्र बॅगेला धक्का लागू नये म्हणून ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि तिथेच अडकली.

खिडकीशी हिरव्या लुगड्यातल्या, ठसठशीत कुंकवाच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी हात बाहेर काढला. "आन इकडं पोरी, जागा धरते!" आणि बॅग आत घेतलीसुद्धा. प्लॉय म्हणाली, "चालेल."

आम्ही दाराशी पोचलो, तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "बास! मागं दुसरी हाय!" दार लागलं, घंटी वाजली आणि गाडी निघाली. आम्ही खाली, बुद्ध आत. आम्ही पळालो, पत्रा बडवला, पण वरातीच्या बँडपुढे आमचं कोण ऐकणार!

प्लॉय रस्त्यात उभी राहिली. हात अजून डोक्याच्या उंचीला होते. "चालेल नाही," ती म्हणाली. तिचं मराठी सुधारायची इच्छा मला पहिल्यांदाच झाली नाही.

स्थानकावरचे नियंत्रक शांत होते. "लातूरला फोन लावून राहिलो ना मी. मागच्या गाडीनं जावा. बॅग कुठं पळून चालली?"

मागच्या गाडीत आम्ही उभ्याने गेलो. मोकळ्या हातांचं काय करावं हे प्लॉयला कळत नव्हतं. चाकूर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "चोरीची भीती नाही वाटत. एवढ्या गर्दीत बॅग खाली सरकली असेल. लोकांच्या पायांत. आजीला काय सांगू?"  मलाच रडू येत होतं. तिकडे प्रज्ञाचा निरोप आला की वस्तीतल्या बायकांनी संध्याकाळसाठी पांढऱ्या साड्या काढून ठेवल्या आहेत, कुठवर आलात?

लातूरच्या स्थानकात उतरलो तर समोरच्या बाकावर हिरवं लुगडं! मावशींच्या स्वतःच्या दोन पिशव्या खाली पायांशी होत्या. बाकावर, शेजारी, नीट उलगडून पसरलेली दस्ती आणि तिच्यावर आमची निळी बॅग. एक गृहस्थ तिष्ठत उभे होते. मावशी त्यांना सुनावत होत्या, "म्हनलं ना, बसलेलं हाय तिथं!"

आम्हाला पाहून त्या आमच्यावरच घसरल्या. "किती उशीर गं! माझी औशाची गाडी गेली की! त्यो कंडक्टर म्हने, बॅगेला सीट कामून? मानसं हुबी हायेत. मी म्हनलं, तिकीट फाड. त्यो म्हने, फुल लागंल. मी म्हनलं, बॅग बाईची हाय, बाईला अर्धं!" आणि कनवटीतून त्यांनी खरोखरच एक अर्धं तिकीट काढून दाखवलं.

प्लॉयने चेन उघडली. पिवळ्या कापडाची घडी जशीच्या तशी होती.

"आत काय आहे ते पाहिलंत?" मी विचारलं.

"दुसऱ्याची बॅग मी कामून उघडू?"

"मग खाली नाही ठेवलीत ती? तुमच्या पिशव्या तर खालीच आहेत."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "ही पोरगी एवढ्या रेट्यात डोईवर धरून हुबी व्हती ना? जे ती डोईवर धरती, ते मी पायापाशी कसं ठिवू?"

मी प्लॉयला सांगितलं. ती खाली बसली आणि लातूरच्या बसस्थानकात, भर दुपारी, तिने मावशींच्या पावलांपाशी कपाळ टेकवलं. मावशी गडबडल्या. "ऊठ गं, धूळ लई हाय!" म्हणत त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात औशाची दुसरी गाडी लागली. पिशव्या उचलून त्या धावल्या आणि दस्ती बॅगेखालीच राहिली.

शिरूरला आम्ही वंदना सुरू होता होता पोचलो. प्रज्ञाच्या आईने मूर्ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि उंच चौथऱ्यावर ठेवली. 'बुद्धं सरणं गच्छामि' तर प्लॉयला माझ्याआधी येत होतं. वेगळ्या चालीतला तिचा आवाज सगळ्यांत मिसळला आणि कोणालाही ते वावगं वाटलं नाही. जेवताना मावशींच्या तिकिटाची हकीकत मला चारदा सांगावी लागली. दर वेळी कंडक्टर जरा जास्तच भांडखोर होत गेला.

दुसऱ्या दिवशी लातूरहून पुण्याच्या गाडीत बसलो. अहवालातलं ते दस्तीचं वाक्य मी खोडून टाकलं. मला वाटत होतं, दस्ती म्हणजे जागेवरचा हक्क. पण मावशींनी ती अंथरली होती अनोळखी मुलीच्या मनातल्या श्रद्धेसाठी, आणि हे मला कुठल्याच तासाला कळलं नसतं.

समोर प्लॉय निळी बॅग मांडीवर घेऊन बसली होती.

"अगं, आता रिकामी आहे ती. ठेव खाली," मी म्हटलं.

"रिकामी नाही," ती म्हणाली. "मावशींची दस्ती आहे आत."

मी हात पुढे केले. रात्रभर आम्ही ती बॅग आलटून पालटून मांडीवर घेतली.