उमेळे अर्धं जमिनीत

"हे उमेळे नाय," मालतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी सीटचा पट्टा सोडला.

विमान तेव्हा वसईवर होतं. म्हणजे स्क्रीनवर होतं. मालतीबाई वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका गाळ्यात, भंगारात निघालेल्या विमानाच्या खऱ्याखुऱ्या सीटवर बसल्या होत्या. खिडकीच्या जागी एक मोठा मॉनिटर लावलेला होता. मी मागे कीबोर्ड घेऊन उभा होतो. वरून त्यांना त्यांचं गाव दाखवलं तर जरा धीर येईल, ही कल्पना माझीच.

"कशावरून नाही?" मी विचारलं.

"आमच्याकडे घरांना धुराडी असतात? वाडी कुठे हाय? केळी कुठे? मिठागराच्या जागी जंगल दाखवताय. जमीनच खोटी, तर विमान पडत नाय हे तरी खरं कशावरून?"

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेने, स्नेहलने, माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरी हे रोज असंच चालतं.

मी विमानांचा मेंटेनन्स इंजिनीअर. नोकरीची सगळी वर्षं हँगरमध्ये गेली. विमान तपासायचं, आणि ते उडायच्या लायकीचं आहे असं लिहून खाली सही करायची. रिटायर झाल्यावर मी घरातला मिक्सर, गिझर, शिलाई मशीन असं एकेक उघडून ठेवायला लागलो, तेव्हा बायकोनेच मला निखिलच्या स्टुडिओत पाठवलं. निखिल हा स्टुडिओचा मालक. माझ्या मुलापेक्षा लहान, पण पगार तो देतो म्हणून बॉस. त्याच्याकडे फ्लाइट सिम्युलेटर आहेत. पायलट व्हायचं असलेली मुलं सरावाला येतात, सुट्टीच्या दिवशी वाढदिवस होतात. आणि विमानाला घाबरणारी माणसं आली की ती माझ्याकडे.

मालतीबाई वसईजवळच्या उमेळ्याच्या. केळी-नारळाच्या वाडीत वाढल्या, वाडीतच संसार केला. मुलगी लग्न होऊन मस्कतला गेली. तिच्या नव्या घराच्या पूजेला म्हणून बाई एकदा निघाल्या होत्या. सामान गेलं, पासपोर्टवर शिक्का बसला, आणि विमानाच्या दारातून त्या माघारी फिरल्या. आता मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. रीत अशी की ते माहेरी व्हायचं. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला साफ मनाई केली, म्हणजे माहेरालाच मस्कतला जायला हवं होतं. तिथे सासूबाई नाहीत, नवरा दिवसभर कामावर, दुसरं कोणी नाही. या वेळी बाई दारातून फिरल्या असत्या तर त्या पोरीजवळ कोणीच नसतं.

"मला वर जायची भीती नाय," पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या. "नारळावर चढलेय मी. पन पायाखालचं ओळखीचं दिसेना झालं की पाय पुढे पडत नाय."

आता त्यांना धुराडी का दिसली ते सांगतो. सिम्युलेटरमध्ये अख्खी पृथ्वी असते. पण ती बनवणारी कंपनी प्रत्येक गाव कसं बांधणार? मोठी शहरं, मोठे विमानतळ ते नीट करतात. बाकीचं कॉम्प्युटर अंदाजाने भरतो. हिरवं दिसलं की झाडं लावतो, वस्ती दिसली की त्याच्याकडच्या तयार घरांतली घरं ठेवून देतो. ती घरं परदेशात रंगवलेली. त्यामुळे उमेळ्यात धुराडी आली, आणि मिठागरं त्याला समजलीच नाहीत.

यावर एक इलाज असतो. जगभर असे हौशी लोक आहेत जे स्वतःची नोकरी सांभाळून एखादं विमान किंवा एखादा परिसर सिम्युलेटरसाठी बनवतात आणि इंटरनेटवर ठेवून देतात. परिसराला सीनरी म्हणतात. हे सगळं फुकट, म्हणून त्याला फ्रीवेअर म्हणायचं. मालतीबाई स्क्रीनवरच्या ज्या विमानात बसत होत्या त्याची आतली केबिन आणि पंखसुद्धा कुणा परदेशी माणसाने हौसेने केलेले होते, आणि माझ्यासारख्या खडूस इंजिनीअरलाही त्यात फारशी खोट काढता आली नव्हती. मी शोधलं तर वसई-विरारची सीनरीसुद्धा निघाली. बनवणारा होता प्रसाद नावाचा एक जण, राहणार विरारजवळच्या चंदनसारला.

निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "काका, फुकट आहे ना? मग टाका की."

"फुकट आहे, बेवारशी नाही," मी म्हणालो.

फ्रीवेअरबरोबर रीडमी नावाची एक फाइल येते. त्यात बनवणारा आपल्या अटी लिहितो. बहुतेक जण लिहितात की घरी खुशाल वापरा, धंद्यात वापरणार असाल तर आधी विचारा. ही फाइल कोणी वाचत नाही. पण माझी सगळी नोकरी मॅन्युअल वाचण्यात गेली, त्यामुळे मी पहिलं पान वाचलं आणि प्रसादला मेल केला. त्याचा लगेच फोन आला. कोणीतरी परवानगी मागितली याचंच त्याला अप्रूप. पैसे नकोत म्हणाला. गिऱ्हाईक बघतानाचा एक फोटो पाठवा आणि काही चूक दिसली तर सांगा, एवढंच.

दिवसभर तो एका खाजगी कंपनीत कर्जाचे अर्ज तपासतो. सुट्टीच्या दिवशी स्कूटर घेऊन घरांचे, देवळांचे, चर्चचे, बिल्डिंगांचे फोटो काढत फिरतो आणि मग ते कॉम्प्युटरवर एकेक करून उभे करतो. उमेळ्यात तर लोकांनी त्याला बिल्डरचा माणूस समजून हाकललं होतं. त्याने लांबूनच फोटो काढले.

मी सीनरी टाकली. मालतीबाई पुन्हा आल्या, बसल्या, पट्टा बांधला. विमान वर गेलं. खाडी आली, खाडीवरचा रेल्वेचा पूल आला, मिठागरांचे चौकोन आले. मग उमेळे आलं. निम्मी घरं जमिनीत गेलेली. कुठे खिडक्यांपर्यंत, कुठे फक्त छप्पर वर. रस्ता मात्र झक्क वर.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई मॉनिटरवर वाकल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "हे आमचं."

"हे?"

"मग काय! आधी डांबर, डांबरावर काँक्रीट, बाजूला बिल्डरचा भराव. रस्ता दर वेळी वर येतो. आमच्या ओट्यावर चढायला पायऱ्या होत्या, आता रस्त्यावरून घरात उतरावं लागतं. पावसात पानी पन सरळ आत येतं." मग सुनेला म्हणाल्या, "बघ, ज्याने केलंय त्याने येऊन बघितलंय."

त्या दिवसापासून बाई माझं ऐकू लागल्या. जमीन खरी, म्हणजे मीही खरा. उडाल्यावर खालून धाडकन आवाज येतो, तो चाकं आत गेल्याचा. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज उतरतो आणि पोट खाली गेल्यासारखं वाटतं, पण इंजिन बंद पडलेलं नसतं, ताकद कमी केलेली असते. उतरण्याआधी पंखाच्या मागच्या बाजूने पत्रे बाहेर येतात, तेव्हा किरकिर होते. प्रत्येक आवाजाला त्या मान हलवायच्या आणि खाली बघायच्या. खाली उमेळे असायचं, अर्धं जमिनीत, आणि त्यांचा हात सीटच्या दांड्यावरून सुटायचा.

खरं तर प्रकरण इथेच मिटलं होतं. पण सवय वाईट. खराबी दिसली की ती दुरुस्त करायची, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी प्रसादला फोन करून घरं बुडतात म्हणून सांगितलं. त्याचा जीवच गेला.

"काका, तुम्ही मेश टाकली नाही का?"

मेश म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा. सिम्युलेटरची मूळची जमीन मोघम असते, म्हणून प्रसादने दुसऱ्या एका हौशी माणसाने केलेली अचूक मेश आपल्या कॉम्प्युटरवर टाकली होती आणि तिच्यावर घरं ठेवली होती. माझ्याकडे ती मेश नव्हती. घरं त्याच्या जमिनीच्या हिशोबाने उभी, जमीन माझी मूळची, थोडी वरची. म्हणून घरं बुडाली. या लोकांत ही चूक नेहमीची आहे. स्वतःच्या कॉम्प्युटरवर सगळं ठीक दिसतं, आणि दुसऱ्याकडे काय असेल हे लक्षातच येत नाही. त्याने मेश टाका असं रीडमीच्या अगदी तळाशी लिहिलं होतं. मी पहिल्या पानावर परवानगीचं कलम सापडलं म्हणून खूश होऊन थांबलो होतो.

मेश टाकली. उमेळे वर आलं. प्रत्येक घर आपापल्या जागी, ओट्यासकट. मी समाधानाने हात पुसले.

शेवटच्या सेशनला मालतीबाई हसत आल्या. परवा विमान होतं, बॅग भरून झाली होती, सुक्या केळ्यांचं पाकीट मुलीसाठी आठवणीने घेतलं होतं. विमान वर गेलं. उमेळे आलं. त्यांनी पाहिलं आणि पट्टा सोडला.

"घरं वर कोनी काढली?"

मी मेश समजावून सांगायला लागलो. म्हणालो, आधीचं चुकीचं होतं, आता बरोबर केलंय. चांगलं सोपं करून सांगत होतो. त्या ऐकत नव्हत्या.

"काल एक दाखवलंत, आज दुसरं. तुमच्या हातात हाय म्हणजे काय पन कराल. मी नाय जात."

त्या उठल्या आणि दाराशी जाऊन चपला घालू लागल्या. स्नेहलचा चेहरा पांढरा पडला. ती एवढंच म्हणाली, "आई, ती वाट बघतेय." बाई खाली बघत चपलेत पाय घालत राहिल्या. डोळे भरले होते ते मला दिसलं. त्यांना जायचं होतं, मला यात शंका नाही. पण पायच उचलत नव्हता, आणि या वेळी तो मी अडवला होता.

निखिल काउंटरवरून सगळं बघत होता. त्याने मला बाजूला घेतलं. "काका, परत बुडवा."

"माहीत असलेली खराबी मी मुद्दाम कशी घालू?"

"तुमच्या विमानात सगळं नेहमी चालू असायचं?"

नसायचं. पोरगं बरोबर बोललं. आमच्या कामात एक सोय असते. केबिनमधला वाचायचा दिवा बंद आहे म्हणून कोणी विमान थांबवत नाही. सुरक्षेला धक्का नसलेली खराबी नोंदवून पुढे ढकलता येते, विमान ती घेऊनच उडतं. याला खराबी डिफर करणं म्हणतात. इंजिनाची खराबी डिफर होत नाही, दिव्याची होते. उमेळ्यातल्या घरांची उंची ही दिव्याच्या जातीतली, हे मला तेव्हा पटलं.

मी मेश काढली. सिम्युलेटर पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ बाई दारात उभ्या होत्या, एक चप्पल पायात, एक बाहेर. स्क्रीनवर वसई आली. मी मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला. त्या लांबूनच बघत राहिल्या. मग चप्पल काढली, येऊन बसल्या आणि पट्टा बांधला. विमान उतरेपर्यंत त्यांनी एकदाही दांडा धरला नाही.

"आता याला हात लावू नका," जाताना त्यांनी मला बजावलं.

विमानाच्या दिवशी स्नेहलचा मेसेज आला: "आईंचा विमानातून फोन आला, आत गेल्या. दारात थोडं थांबल्या, पण गेल्या." मी तो निखिलला दाखवला. तो म्हणाला, छान, आणि वाढदिवसाचे फुगे लावायला गेला. मी मात्र त्या दिवशी उगीचच दोनदा चहा केला.

नातीजवळ काही महिने राहून मालतीबाई परत आल्या, त्या सरळ स्टुडिओत. हातात केळ्यांचा घड. "अर्धी तुम्हाला, अर्धी त्या गाव करनाऱ्याला," म्हणाल्या. प्रसादने इतक्या वर्षांत कितीतरी फ्रीवेअर वाटलं, पण त्याबद्दल त्याला काही मिळालं ते पहिल्यांदाच. केळी न्यायला तो चंदनसारहून मुद्दाम आला आणि घडाचा फोटो काढून घेतला.

मी बाईंना विचारलं, प्रवास कसा झाला. त्यांनी सगळे आवाज बरोबर सांगितले. धाडकन झालं तेव्हा शेजारची बाई दचकली, तिला यांनीच समजावलं. येताना विमान वसईच्या अंगाने वळलं. यांना खिडकी मिळाली होती.

"दिसलं का उमेळे?"

"दिसलं. पन घरं बुडलेली नाय दिसत वरून. रस्ता, घर, भराव, समदं एका पातळीत. तुम्ही नंतर केलेलं ना, तस्संच."

"तेच बरोबर होतं," मी म्हणालो. एवढं म्हणायची संधी मी सोडणार नव्हतो.

"असेल. पन जन्मभर खालूनच बघितलेल्या मानसाला वरचं बरोबर आधी दाखवून कसं चालेल?" त्या उठल्या. "तुमच्या 'बरोबर'च्या नादात माझी पोरगी एकटी बाळंत झाली असती."

नियमाप्रमाणे डिफर केलेली खराबी ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करावीच लागते. मेशची फाइल माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये तयार पडून आहे. गावातलं कोणी ना कोणी अजून पहिल्यांदा विमानात बसायला घाबरून आमच्याकडे येतं. मुदत मी वाढवत राहतो.