एका डब्यातली चार बिऱ्हाडं

ताटात वरणाचा ओघळ भाजीला जाऊन लागला की कंट्रोलर काका ताट पुढे सरकवायचे, उपरण्याचं टोक नाकाला लावायचे आणि म्हणायचे, "किळस हाय सगळी. एकात एक, एकात एक." मग काकू दुसरं ताट वाढायच्या, सगळं वेगवेगळ्या वाट्यांत. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्या घरी जेवायला बसलं की आपल्याला आपल्याच बोटांची लाज वाटायला लागते. आमच्या गल्लीत हे होते.

एसटीत ते कंट्रोलर होते, म्हणून निवृत्त झाल्यावरही सगळ्यांचे कंट्रोलर काकाच राहिले. मूळचे साखऱ्याकडच्या तांड्यावरचे. नोकरीमुळे हिंगोलीत घर बांधलं. सगळी नोकरी डेपोतल्या खांबांवरच्या पिचकाऱ्या बघण्यात गेली असं ते सांगत. सेनगावच्या फलाटावर कळमनुरीची गाडी लागली तरी त्यांना मळमळायचं. जिथली गोष्ट तिथंच पाहिजे, हा त्यांचा धर्म होता आणि त्यात कुणाला माफी नव्हती.

माझं स्टेशन रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. किळस म्हणजे काय हे मला शिकवायला नको. हळदीच्या आडतीवरचं कॅबिनेट उघडलं की आत पिवळा थर, थरात पालीची अंडी, पंख्याच्या पात्यात झुरळाची तंगडी. एकदा तर पॉवर सप्लायमध्ये उंदीर निघाला, तोही ताजा नव्हे. मी हात धुतो आणि चहा पितो. काका मात्र उघडं कॅबिनेट दिसलं की पायरीवरच थांबायचे आणि तिथून विचारायचे, "झाकलं का?"

त्यांना दोन मुलगे. थोरल्याचं कृषी सेवा केंद्र आहे. धाकटा लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि घरी बसून ते जोडतो. घरात कॉम्प्युटर एकच होता. त्यावर थोरल्याचा खत-बियाण्यांचा हिशेब, धाकट्याने शूट केलेल्या लोकांच्या वराती, आणि काकांनी जमवलेलं घरचं सगळं: पोरांचे लहानपणचे फोटो, काकूंच्या तांड्यावरच्या बायकांची गाणी, जमिनीचे स्कॅन केलेले कागद. एक दिवस धाकट्याने जागा करायची म्हणून थोरल्याच्या काही फायली उडवल्या. थोरल्याने त्याची अख्खी एक वरात उडवली. त्या दिवसापासून दोघं एका घरात राहून बोलेनासे झाले, आणि वेगळं निघायची भाषा सुरू झाली.

काका माझ्याकडे आले ते उपरणं नाकाला लावूनच. "इंजिनेर, एका घरात राहून येगळं राहता येतं का, ते सांग." मला आधी कळलंच नाही की ते कॉम्प्युटरबद्दल विचारत आहेत.

मी त्यांना व्हर्च्युअल मशीन समजावून सांगितलं. घरचा सर्व्हर म्हणून एक दणकट डबा घ्यायचा. त्याच्या पोटात चार कॉम्प्युटर मांडायचे. ते हाताला लागत नाहीत, पण कामाला खरे असतात. प्रत्येकाची मेमरी वेगळी, जागा वेगळी. एकात काही का घाण होईना, दुसऱ्याला लागत नाही. आणि प्रत्येकाला वाटतं, हा सगळा डबा माझाच. काकांनी उपरणं खाली घेतलं. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या कपाळावरची आठी मी पहिल्यांदाच गेलेली पाहिली.

"म्हंजे बिऱ्हाडं चार, पन दार एकच," ते म्हणाले. "असं असंल तर न्हाई जात कोनी."

त्यानंतर वर्षभर त्यांनी मला नुसतं पिदडलं. मी दुकान झाडत असतानाच जुन्या कॅलेंडरच्या पानामागे काढलेला नवा आराखडा घेऊन हजर. थोरल्याचं मशीन, धाकट्याचं मशीन, अंगणातल्या कॅमेऱ्यांचं मशीन, आणि चौथं घराचं, म्हणजे ते फोटो, गाणी आणि कागद. नवा सर्व्हर घ्यावा की नांदेडहून कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना आणावा, यावर सगळा पावसाळा गेला. जुन्यात कोणाची काय घाण असेल सांगता येत नाही, म्हणून तो रद्द. मग एका डिस्कच्या दोन झाल्या. दुसरीत पहिलीची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी कॅलेंडरवर दोन्ही डिस्क शेजारी शेजारी काढल्या आणि खाली दोन्ही पोरांची नावं लिहिली. मी म्हटलं, काका, त्याचा अर्थ तसा नाही. ते म्हणाले, असू दे.

खरी कटकट मेमरीची. धाकट्याला व्हिडिओसाठी ती भरपूर लागणार होती. थोरल्याच्या हिशेबाला चिमूटभर पुरली असती. हे मी सांगून सांगून दमलो. काकांचं एकच, हिस्सा बराबर. डबा ठेवायचा मधल्या खोलीत. धाकट्याची खोली तिच्या भिंतीला लागून, थोरल्याची ओसरीच्या पलीकडे. तरी वायर दोघांना एकाच लांबीची. धाकट्याची उरलेली वायर वेटोळं करून खिळ्याला टांगली. वायरमन हसला, तर काका त्याला म्हणाले, थोरला मोजून बघेल तेव्हा उत्तर द्यायला तू येशील का.

थोरल्याने खरंच मोजली. मी तिथेच होतो. दोन लेकरांच्या बापाने टेप घेऊन भिंतीवरची वायर मोजावी, आणि ती बरोबर निघाल्यावर जरा नाराजच व्हावं, हे बघताना मला तो पॉवर सप्लायमधला उंदीर आठवला.

डबा सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत धाकट्याचं मशीन धापा टाकायला लागलं. तो एकटा माझ्याकडे आला. दादाला कळू न देता मेमरी वाढवून द्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी थोरला आला, धाकट्याला वाढवून तर दिली नाही ना, हे विचारायला. मी त्याला सरळ सांगितलं, तुझी नुसती पडून आहे, थोडी दे की भावाला.

"मला लागत न्हाई, हे बराबर हाय," तो म्हणाला. "पन त्याला काहून द्यायची?"

हे बोलताना तो माझ्याच दुकानातला चहा पीत होता. तो गेल्यावर मी कप घासला, आणि समाधान होईना म्हणून परत घासला.

मी सगळं काकांच्या कानावर घातलं.  त्यांनी हळूच विचारलं, एकाची रिकामी पडलेली मेमरी दुसऱ्याने वापरायची, आणि पहिल्याला लागली की लगेच परत करायची, असं या डब्याला सांगता येतं का. मी म्हटलं, येतं, तशी सोयच असते त्यात.

"मग करून टाक. पन त्यायला कळू देऊ नको. भाऊ भावाला देऊन राहिला, एवढं मला दिसलं म्हंजे झालं."

मी करून दिलं. त्यानंतर काही महिने घर शांत होतं. काका दुपारी मधल्या खोलीत डब्यापुढे खुर्ची टाकून बसत. स्क्रीनवर चारही मशीनच्या रेघा हलत असायच्या. थोरल्याची रेघ खाली आली आणि धाकट्याची वर गेली की काकूंना हाक मारून दाखवत. काकूंना त्यातलं काही कळत नसे. त्या बघायच्या, "बरं झालं" म्हणायच्या आणि पुन्हा शेंगा निवडायला जायच्या. वेगळं निघायची भाषा त्या दिवसांत कोणी काढली नाही. मीही एक-दोनदा मुद्दाम जाऊन त्या रेघा बघत बसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

मग एक दिवस थोरल्याच्या लक्षात आलं की काहीच चालू नसताना आपली अर्धी मेमरी भरलेली दिसते. त्याने कोणा जाणत्याला विचारलं आणि ती कुठे जाते ते त्याला कळलं. अंगणात जे झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. थोरल्याने बापाला चोर म्हटलं. धाकटा, ज्याचं इतके महिने त्यावर भागत होतं, तो म्हणाला, मी काय मागायला गेलो होतो का, मला कोणाचे उपकार नकोत. काका ओसरीवर उभे होते आणि दोघांच्या मध्ये बोट करून काहीतरी सांगू बघत होते. ते कोणी ऐकलं नाही. थोरल्याचं त्या सगळ्यात रतीभरही गेलं नव्हतं. ज्याचं काही गेलेलं नाही तो माणूस एवढा ओरडू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

अंगणात भिंत आली. कॅमेरे दोन्हीकडे वाटले गेले. मधल्या खोलीत काका आणि काकू उरले.

डबा माझ्या दुकानात आला. थोरला तो घेऊन आला, आणि वाटेत त्यातलं काही काढून घेऊ नये म्हणून धाकटा आपल्या गाडीवरून मागोमाग. याचे दोन भाग करून द्या म्हणाले. मेमरीच्या पट्ट्या वाटता आल्या. डिस्क दोन होत्याच. मदरबोर्ड मधून कापता येत नाही हे ऐकून दोघांनाही वाईट वाटलं. तो विकून टाकायचं ठरलं. मी विचारलं, ते चौथं मशीन, घराचं, त्याचं काय करू.

"काढून टाका," धाकटा म्हणाला. "तेवढीच जागा व्हईल."

थोरल्याने मान डोलावली. भांडण लागल्यापासून दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

मी आयुष्यात कॅबिनेटमधून काय काय बाहेर काढलंय ते तुम्हाला सांगितलंच. पण खरी किळस आली ती त्या दिवशी. उद्या या म्हणून मी त्यांना वाटेला लावलं, नळावर जाऊन चूळ भरली, आणि मग घराचं सगळं माझ्या एका डिस्कवर उतरवून घेतलं. त्यानंतरच वाटणीला हात लावला.

काही दिवसांनी काका आले. टेबलावर कोणाचं तरी हळदीने माखलेलं कॅबिनेट उघडं पडलं होतं. ते पायरीवर थांबले नाहीत. सरळ आत येऊन स्टुलावर बसले आणि नवा डबा करायचा आहे म्हणाले. मी विचारलं, मशीन किती टाकायची.

"एकच. येगळंयेगळं करून पाह्यलं. आता सगळं एकातच टाक. पोरं, गानी, कागद. मिसळू दे."

मी म्हटलं, काका, किळस येईल तुम्हाला.

"येऊ दे," ते म्हणाले. "किळस परवडली."

माझ्याकडच्या सुट्या भागांतूनच मी तो डबा जुळवला. त्यांनी सांगितलं तसं सगळं एकत्र भरलं, थोरल्याच्या जावळाशेजारी धाकट्याची शाळा, मध्येच काकूंचं गाणं, मध्येच सातबारा. उघडून बघितलं तर माझंच डोकं गरगरलं. न्यायला या म्हणून निरोप धाडला. तोवर ते दवाखान्यात होते, आणि तिथून परत आले नाहीत. काकू आता तांड्यावर भावाकडे असतात. त्यांना हवे होते ते फोटो आणि गाणी मी त्यांच्या मोबाईलमध्ये भरून दिली आहेत.

परवा दोन्ही मुलगे दुकानात आले. बापूंनी, म्हणजे काकांनी, शेवटी एक डबा करायला टाकला होता असं त्यांच्या कानावर आलं होतं. तो कोणाच्या वाट्याचा, आणि त्यात बापूंनी काय लिहून ठेवलंय, हे त्यांना हवं होतं. मी सांगितलं, डब्यातला एकेक भाग माझा आहे, म्हणून डबा माझा. आत तुमचेच फोटो आहेत, तुम्हीच काढून टाका म्हणाला होतात ते. त्यांना पटेना. नुसत्या फोटोंसाठी माणूस डबा कशाला करेल, असा त्यांचा सवाल होता.

"तुमी आमचं काईतरी दाबून बसले," थोरला म्हणाला.

"दादा बराबर बोलून राहिला," धाकटा म्हणाला.

भिंत झाल्यापासून त्याने भावाला दादा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.  उद्या परत येतो, मग बघू, असा दम देऊन दोघं उठले. मी मागोमाग पायरीपर्यंत गेलो, ते खरंच जातात का ते बघायला. बाहेर मोटरसायकल एकच होती. थोरल्याने ती सुरू केली, धाकटा मागे बसला, खांद्यावर हात ठेवून भावाच्या कानाशी वाकला. मलाच शिव्या घालत असणार. त्या दोघांची तोंडं मला बघवत नाहीत, आजही नाही. पण ते उद्या येतील, परवाही येतील. डबा मी एवढ्यात देणार नाही. दिला की दोघं पुन्हा दोन गाड्या काढतील.