मागी लोक आले तेव्हा बाळ केवढं होतं

अठरा महिने पूर्ण झाले तरी आमची मुलगी चालत नव्हती. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. हाडांत दोष नाही, वीस महिन्यांपर्यंत वाट बघू, असं ते म्हणाले. आकडा मिळाला की मी शांत होतो. बायको होत नव्हती. मुलुंडला आमच्या मजल्यावर आठ बिऱ्हाडं होती आणि त्यांतल्या सहा घरांतून रोज एकच प्रश्न यायचा, "अजून चालत नाही?" शेजारच्या मालवणी काकू तेवढ्या म्हणायच्या, "चलात गो ता. तुका घाई कित्याक?" पण बायकोने मुलीला गॅलरीत नेणंच सोडलं होतं. चर्चमध्येही उपासना संपेपर्यंत तिला मांडीवर घट्ट धरून बसायची, कुणाला कळू नये म्हणून.

त्याच डिसेंबरात मी स्वभावाप्रमाणे घोळ घातला. आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या शब्बाथ शाळेची मुलं नाताळचं नाटक करत. गव्हाणीत बाळ येशू म्हणून बाहुली, एका बाजूला मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला ताऱ्यामागून भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक. तालीम बघून मी पाळकसाहेबांना गाठलं.

"मेंढपाळ गव्हाणीपाशी आले, हे बरोबर. पण मागी लोक घरात आले असं मत्तय शुभवर्तमानात लिहितो. हेरोद राजाने त्यांच्याकडून तारा दिसल्याची वेळ विचारून घेतली आणि दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगितली. म्हणजे तेव्हा बाळ दीड-दोन वर्षांचंही असू शकेल. तिथे बाहुली ठेवणं चूक आहे."

"अहो, इतकी वर्षं नाटक असंच होतंय. कुणाला त्रास झाला नाही."

"मला होतोय."

"बरं. मग दीड वर्षाचं बाळ आणा. तुमच्याकडे आहेच की."

"मुलगी आहे हो ती."

"टोपडं घातलं की झालं."

मी हो म्हणून बसलो. घरी सांगितलं तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला सारलं.

"तुमचा हिशोब बरोबर ठरावा म्हणून माझ्या पोरीला दोनशे माणसांसमोर बसवणार? आणि दीड वर्षाचं बाळ दाखवायचंय, तर ते चालायला नको?"

दोन दिवस मी शुभवर्तमानं चाळली. येशू कितव्या महिन्यात चालायला लागला, हे कुठेच नाही. पहिला दात नाही, पहिला शब्द नाही. मंदिरात नेला तेव्हा चाळीस दिवसांचा, आणि मग लूकचं शुभवर्तमान एकदम बाराव्या वर्षावर जातं. मध्ये बाळ वाढत गेलं, एवढंच. सुरुवातीला मला याचा रागच आला. मग वाटलं, लिहिण्याजोगं वेगळं काही घडलंच नसेल. तोही जमिनीवर रांगला असेल, योसेफाच्या रंध्याखालचा भुसा त्याने तोंडात घातला असेल आणि मरियेने बोट घालून तो काढला असेल. शेजारणी तिलाही विचारत असतील. आपला देव काही महिने कुणाच्या तरी हाताला धरून उभा राहत होता, या विचाराने मला फार बरं वाटलं.

बायकोला मी एवढंच म्हणालो, "मागी लोक इतक्या लांबून आले आणि पाया पडले. पोराला काय काय येतं, हे त्यांनी विचारल्याचं लिहिलेलं नाही."

तिने मुलीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "हे मत्तयात सापडलं?"

"नाही. मत्तयात काय नाही ते बघत होतो."

"मग पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बघितलंत."

दुसऱ्या दिवशी तिने पांढऱ्या मलमलचं झबलं शिवायला घेतलं.

नाटकाच्या संध्याकाळी मुलगी मरियेच्या मांडीवर पाचेक मिनिटं गुणी बाळासारखी बसली. तिघे मागी गुडघे टेकून वाकले मात्र, ती सरळ खाली उतरली, रांगत ऊदाची भेट आणलेल्या मागीपाशी गेली आणि त्याची कापसाची दाढी ओढून काढली. सगळी मंडळी हसली. मागून एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, ही अजून रांगतेय!"

मी बायकोकडे बघायचं टाळलं.

नाटकानंतर अंगणात चहा आणि करंज्या होत्या. बायकोने मुलीला मरियेकडून घेतलं, आणि आता शाल लपेटून घरी निघेल असं मला वाटलं. तिने मुलीला सतरंजीवर सोडलं. मग ती त्या बाईंजवळ स्वतःच गेली.

"एकोणिसावा चालू आहे," ती म्हणाली. "चालत नाही अजून. रांगते मात्र झकास."

मुलगी लोकांच्या पायांमधून सुटली होती. झबल्याचे गुडघे मातीने काळे झाले होते. मी उचलायला धावलो, तर बायकोने माझी बाही धरली.

"असू द्या," ती म्हणाली.